४० हजार कोटी तारे, आणि हुकूम एकही नाही

आजचा विषय या मालिकेत नवा आहे: व्हिडिओ गेम. साठी ओलांडलेला, लष्करातून निवृत्त झालेला माणूस गेमवर बोलणार म्हटल्यावर तो बंदुकांचाच असणार, असं काहींना वाटलं असेल. पण मी ज्या गेमबद्दल बोलणार आहे, त्यात बंदूक न उचलताही वर्षानुवर्षं खेळता येतं. त्याचं नाव 'एलिट डेंजरस'. तुमच्याकडे एक छोटं अंतराळयान असतं आणि समोर आपली अख्खी आकाशगंगा. तिथे ठरलेली कथा नाही, शेवटची पातळी नाही, आणि 'तुम्ही जिंकलात' अशी पाटी कधीच येत नाही.

या गेमचे खेळाडू ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिले, दोन संध्याकाळी खेळून तो कायमचा बंद करणारे. दुसरे, त्यात हजार हजार तास घालवणारे आणि तरीही रोज त्याच्या नावाने कुरकुर करणारे. एकाच गोष्टीची इतकी ओढ आणि इतका वैताग कशामुळे, ते आज पाहू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. वैताग उपटून काढायला गेलात, तर ओढही त्याच्याबरोबर निघून येईल.

पंचांगासारखं गणित

सुरुवात १९८४ पासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा गेम लिहिला. तो चालायचा बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर. त्याची मेमरी होती ३२ किलोबाइट. आज सकाळी उठून आपण एकमेकांना 'सुप्रभात'ची जी चित्रं पाठवतो, त्यातलं एकही बहुधा तेवढ्या जागेत मावणार नाही. त्या जागेत या दोघांनी ८ आकाशगंगा बसवल्या आणि प्रत्येकीत २५६ ठिकाणं. एकूण २,०४८. प्रत्येकाला नाव, राज्यव्यवस्था आणि बाजारभाव.

हे कसं जमलं, ते कळायला पंचांगाचं उदाहरण घ्या. २० वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी तिथी कोणती असेल, हे पंचांगकर्त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं. त्याच्याकडे गणित असतं. तारीख घातली की तिथी निघते, आणि कोणीही, कितीही वेळा काढली तरी तीच निघते. 'एलिट'मध्ये नेमकं हेच केलं होतं. २,०४८ ठिकाणं साठवलेली नव्हती. एक आकडा आणि एक सूत्र साठवलं होतं. तुम्ही एखाद्या ठिकाणी पोहोचलात की संगणक ते ठिकाण त्या क्षणी 'मांडायचा', आणि पुढच्या वेळी गेलात तरी हुबेहूब तेच मांडायचा.

ब्रेबेन यांच्या कंपनीने हीच कल्पना पुढे नेली आणि लोकवर्गणीतून पैसा उभा करून डिसेंबर २०१४ मध्ये 'एलिट डेंजरस' आणला. या वेळी त्यांनी आपलीच आकाशगंगा घेतली, तीही खऱ्या मापाची. खगोलशास्त्रज्ञांच्या सूचीतले लाखाहून जास्त खरे तारे त्यांच्या खऱ्या जागी बसवले, आणि उरलेली जागा सूत्राने भरली. अमुक भागात वायू आणि धूळ किती, त्यातून कोणत्या वस्तुमानाचे तारे घडतील, त्यांच्याभोवती कसले ग्रह तयार होतील, असा भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून केलेला हा हिशेब आहे. एकूण तारकाप्रणाली सुमारे ४० हजार कोटी.

हा आकडा नुसता ऐकून डोक्यात शिरत नाही. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, एकेक प्रणाली पाहत सुटलात, तरी सगळ्या पाहायला साडेबारा हजार वर्षं लागतील. गेम येऊन दहा वर्षं उलटली, लाखो लोकांनी तो खेळला, आणि तरी सगळ्यांनी मिळून पाहिलेला भाग एक टक्काही भरत नाही.

या हिशेबाची एक गंमत सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या मंद, लालसर ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह सापडल्याची घोषणा झाली. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा हा तारा. गेममध्ये शोधाशोध केली, तर जवळपास त्याच अंतरावर सूत्राने आधीच एक थंड तारा मांडून ठेवलेला होता, आणि त्याच्याभोवती सात गोल फिरत होते. हे अर्थातच भाकीत नव्हतं. पण हिशेब कुठल्याही हवेतल्या कल्पनेवर उभा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

ओढ कशाची

खेळायला बसल्यावर प्रत्यक्षात काय करायचं असतं? यान एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घेतं. पोहोचलात की एक बटण दाबून आसपास काय काय आहे याचा अंदाज घ्यायचा, मग एकेका ग्रहाची पाहणी करायची. गोळा झालेली माहिती मानवी वस्तीच्या स्टेशनवर नेऊन विकायची. तुमच्या आधी तिथे कोणी पोहोचलं नसेल, तर त्या ताऱ्याच्या माहितीपत्रकावर प्रथम शोधक म्हणून तुमचं नाव लागतं आणि जगभरच्या खेळाडूंना ते दिसतं.

मला यात सर्वात आधी आवडलं ते आकाश. लहानपणी अंगणात झोपून ज्यांनी कोणी मृग, व्याध, कृत्तिका ओळखायला शिकलं असेल, त्यांनी एकदा हे करून पाहावं. मृगातला काक्षी, रोहिणीतला तांबूस तारा, कृत्तिकांचा पुंजका, या सगळ्या ठिकाणी यान घेऊन जाता येतं. कृत्तिका आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. तिथे जाऊन मागे वळून पाहिलं, तर मृगाची ओळखीची आकृती पार विस्कटलेली दिसते. नक्षत्रांची चित्रं ही फक्त आपल्या अंगणातून दिसणारी चित्रं आहेत. हे पुस्तकात अनेकदा वाचलेलं असतं. इथे ते डोळ्यांदेखत घडतं.

दुसरी गोष्ट, खेळता खेळता शास्त्र अंगात मुरतं. यानाला इंधन लागतं, आणि लांबच्या प्रवासात ते ताऱ्याच्या कडेकडेने उडत, त्याच्यातला हायड्रोजन ओढून भरावं लागतं. पण प्रत्येक ताऱ्याकडून इंधन मिळत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग चालतात. हे वर्ग गेमवाल्यांनी काढलेले नाहीत. ॲनी जंप कॅनन या बाईंनी हार्वर्डच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेला हा क्रम आहे, सर्वात तप्त ताऱ्यांपासून थंड ताऱ्यांपर्यंत. आपला सूर्य 'जी' वर्गातला. कॉलेजात पाठ करूनही विसरलेला हा क्रम, टाकी रिकामी होत आली की बरोबर आठवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये चार बोटं दिसतात आणि प्रत्यक्षात मध्ये दोन नाले आणि एक खिंड असते, हे डोंगरात पायी गस्त घातलेल्या प्रत्येक सैनिकाला ठाऊक असतं. अंतर पायांना कळतं. बहुतेक गेममध्ये ते कळत नाही, कारण तिथे जग आपल्या सोयीने आक्रसलेलं असतं. या गेमने ते आक्रसलेलं नाही. आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथे पोहोचायला शेकडो उड्या घ्याव्या लागतात, रोज एकदोन तास बसलात तर कित्येक दिवस. आणि मग समोर काय दिसतं? अंधाराचा एक गोळा, त्याच्या कडेने वाकून आलेला ताऱ्यांचा प्रकाश. बस. तरीही तो क्षण लक्षात राहतो, कारण वाट चालून तिथवर आलेलो असतो.

वैताग कशाचा

आता दुसरी बाजू. तीही मोठी आहे.

पहिला वैताग शिकण्याचा. यान स्टेशनात उतरवणं, म्हणजे फिरत्या दंडगोलाच्या अरुंद दारातून आत शिरून नेमून दिलेल्या तळावर टेकणं, एवढ्यालाच नवख्या माणसाला काही संध्याकाळी लागतात. गेम फारसं शिकवत नाही. लोक व्हिडिओ पाहून आणि एकमेकांना विचारून शिकतात.

दुसरा वैताग, त्याच अंतराचा. मित्र ताऱ्याच्या प्रणालीत, म्हणजे आपल्या सर्वात जवळच्या शेजाऱ्याकडे, हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे. तुम्ही प्रणालीत ज्या ठिकाणी पोहोचता, तिथून ते ०.२२ प्रकाशवर्षांवर आहे. साध्या इंजिनाने, प्रकाशाच्या दोन हजार पट वेगापर्यंत पोहोचूनही, तासाहून जास्त वेळ लागतो, आणि त्या तासात करण्यासारखं काहीही नसतं. जुने खेळाडू नव्यांना गंभीर चेहऱ्याने सांगतात की तिथे गेलात तर ॲनाकोंडा नावाचं भलंमोठं यान फुकट मिळतं. बिचारा तासभर प्रवास करून पोहोचतो आणि यान वगैरे काही मिळत नाही. मग तोही पुढच्या नवख्याला तेच सांगतो. वसतिगृहातल्या जुन्या खोड्यांसारखीच ही खोडी.

तिसरा वैताग गमावण्याचा. यान नष्ट झालं तर त्याच्या किमतीच्या साधारण ५ टक्के भरून दुसरं मिळतं. पण न विकलेली पाहणीची माहिती जाते ती जातेच. महिनाभर फिरून शेकडो तारे पाहिले, आणि परतताना कुठल्या जड ग्रहावर यान आदळलं, तर वहीची सगळी पानं कोरी. अशा कथा खेळाडूंमध्ये चिकार आहेत.

चौथा वैताग हमालीचा. यान चांगलं करायचं तर त्याचे भाग सुधारून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी अमुक इतके धातू, तमुक इतक्या माहितीच्या नोंदी गोळा करत बसावं लागतं. तेच काम, पुन्हा पुन्हा. इथे अंतराळ राहतं बाजूला आणि कोठारात मोजदाद करणाऱ्या कारकुनासारखी गत होते.

पाचवा वैताग तोचतोपणाचा. सूत्राने मांडलेलं जग विशाल असतं, पण सूत्राला कल्पनाशक्ती नसते. पाचशेवा बर्फाळ गोल पहिल्या बर्फाळ गोलासारखाच दिसतो. आणि जिथे खरोखर उतरावंसं वाटतं, तिथे उतरता येत नाही. २०१५ च्या अखेरीस वातावरण नसलेल्या ग्रहांवर उतरण्याची सोय झाली, २०२१ मध्ये विरळ वातावरण असलेल्यांवर. पृथ्वीसारख्या निळ्या, ढगाळ ग्रहावर आजही पाय ठेवता येत नाही.

आपल्या पृथ्वीचं तर विचारूच नका. गेममध्ये सूर्यमालेत शिरायलाच परवाना लागतो, आणि तो मिळवायला तिथल्या संघराज्याच्या नौदलात पेटी ऑफिसरच्या हुद्द्यापर्यंत चढावं लागतं. खऱ्या नौदलातला पेटी ऑफिसर म्हणजे आमच्याकडच्या हवालदाराच्या बरोबरीचा. उभी हयात हवालदारांच्या खांद्याला खांदा लावून काढली, आता घरी परतण्यासाठी तो हुद्दा कमवायचा म्हणजे न्यायच झाला म्हणायचा. परवाना मिळाल्यावर १९७७ मध्ये सोडलेली दोन्ही व्हॉयेजर यानं तिथे शोधून काढता येतात. पृथ्वी मात्र वरूनच पाहायची.

पहिला हुद्दा: दिशाहीन

हे सगळे वैताग लहानच म्हणायचे. मोठा वैताग वेगळा आहे. गेम तुम्हाला यान देतो, थोडे पैसे देतो आणि गप्प बसतो. कुठे जायचं, कशासाठी जायचं, कोणी सांगत नाही. शोधकांसाठी गेममध्ये हुद्द्यांची एक शिडी आहे, आणि तिच्या पहिल्याच पायरीचं नाव आहे 'एमलेस', म्हणजे दिशाहीन. दुसरी पायरी, 'बरेचसे दिशाहीन'. ही गेम करणाऱ्यांची थट्टा आहे, पण तिच्यात अर्थ आहे.

लष्करातल्या लेखी हुकमात उद्दिष्टाचा परिच्छेद सर्वात छोटा असतो, बहुधा एकच वाक्य. बाकीची सगळी पानं त्या एका वाक्यासाठी असतात. ३०-३५ वर्षं माणूस असा जगतो की ते वाक्य कोणीतरी वरून देतं. मग एक दिवस निवृत्ती येते. शिदोरी असते, तब्येत असते, वेळ असतो, आणि ते एक वाक्य नसतं. माझ्या बरोबरीच्या कित्येक अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं पगाराच्या किंवा मानाच्या अभावाने जड गेली नाहीत, ती या वाक्याच्या अभावाने गेली. बँकेतून, शाळेतून, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचंही फार वेगळं नसावं.

म्हणून हा गेम मला निव्वळ करमणूक वाटत नाही. दोन संध्याकाळीत तो सोडून देणारा माणूस म्हणतो, 'यात करायचं काय?' त्याची तक्रार खरी आहे. गेमकडे उत्तर नाही. टिकून राहणाऱ्यानं उत्तर स्वतः आणलेलं असतं.

ते कसं आणलं जातं, याची तीन उदाहरणं सांगतो. तिन्ही खेळाडूंनी घडवलेली.

पहिलं 'फ्युएल रॅट्स'. इंधन संपून अडकलेल्या खेळाडूंपर्यंत इंधन पोहोचवणारा हा स्वयंसेवकांचा गट २०१५ पासून काम करतो. मोबदला शून्य. तुम्ही निरोप पाठवलात की ते आधी विचारतात, प्राणवायूचं घड्याळ सुरू झालंय का? झालं असेल तर गेममधून लगेच बाहेर पडा, आम्ही निघालो. मग कोणी अनोळखी माणूस, कुठल्याशा देशातून, शेकडो प्रकाशवर्षं उड्या मारत तुमच्यापर्यंत येतो. गेममध्ये अशी नोकरी नव्हती. इंधन संपण्याचा वैताग होता, त्यातून लोकांनी ती निर्माण केली.

दुसरं उदाहरण जाक स्टेशनचं. २०१६ मध्ये गेमच्या कथानकात हे अख्खं स्टेशन आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला, बीगल पॉइंटला, उडी मारायला निघालं आणि वाटेत बेपत्ता झालं. कुठे गेलं, ते कंपनीने सांगितलं नाही. खेळाडू शोधत राहिले आणि अखेर सूर्यापासून सुमारे २२ हजार प्रकाशवर्षांवर ते सापडलं, मोडकळीला आलेलं. लोकांनी सामान वाहून नेऊन ते दुरुस्त केलं. त्याच्याभोवती आज कोलोनिया नावाची वस्ती आहे.

तिसरं, जानेवारी २०१९ मध्ये निघालेली 'डिस्टंट वर्ल्ड्स'ची दुसरी मोहीम. दहा हजारांहून जास्त खेळाडूंनी नावं नोंदवली, आणि काही महिने टप्प्याटप्प्याने प्रवास करत ही यात्रा बीगल पॉइंटच्या दिशेने गेली. सूर्यापासून ६५ हजार प्रकाशवर्षांहून जास्त अंतर. वारीला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही की गाडीने का गेला नाहीत. इथेही तसंच. अंतर कमी केलं असतं, तर यात्रेला अर्थच उरला नसता.

आता माझं सुरुवातीचं म्हणणं पुन्हा पाहा. इंधन कधीच संपलं नसतं, तर फ्युएल रॅट्स झाले नसते. आकाशगंगा छोटी असती, तर हरवलेलं स्टेशन तासाभरात सापडलं असतं. वैतागाच्या जागीच माणसांनी आपलं काम शोधलं.

जग कोणाच्या मालकीचं?

तरी एक गोष्ट मनात ठेवूनच खेळावं. ही आकाशगंगा एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी इंटरनेट लागतं. इंटरनेटशिवाय खेळता येईल अशी आवृत्ती आधी जाहीर झाली होती, ती बाजारात येण्याच्या महिनाभर आधी रद्द झाली. २०२१ ची मोठी सुधारणा इतक्या दोषांसह आली की ब्रेबेन यांना जाहीर माफी मागावी लागली. २०२२ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच्या खेळाडूंसाठी पुढचा विकास थांबवला गेला. संगणकावर मात्र गेम अजून वाढतो आहे. २०२५ पासून खेळाडूंना नव्या प्रणालींमध्ये स्वतः वस्ती उभारता येते.

पण एक ना एक दिवस सर्व्हर बंद होतील. सूत्र कदाचित उरेल आणि त्यातून तारे पुन्हा मांडता येतील. त्यांच्यावर लागलेली शोधकांची नावं मात्र त्याच सर्व्हरवर आहेत. किल्ल्याच्या दगडावर कोरलेलं नाव नव्हे हे, वाळूवरचं आहे. ज्याला फक्त नावासाठी फिरायचंय, त्याने हे आधीच समजून घ्यावं.

घ्यावा की नाही?

'मुलाला, नातवाला घेऊन द्यावा का' आणि 'आम्ही या वयात खेळावा का', हे दोन प्रश्न येणार, म्हणून उत्तर देऊन ठेवतो.

साधा ऑफिसचा लॅपटॉप या गेमला पुरत नाही, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. एवढ्यासाठी नवा संगणक घेऊ नका. फक्त आकाश पाहायचं असेल तर 'स्टेलेरियम' हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. तुमच्या गावाचं आज रात्रीचं आकाश ते दाखवतं.

मुलांच्या बाबतीत, परीक्षेच्या वर्षी नको. एरवी द्यावा, पण शेजारी बसून तुम्हीही पाहा. तारा लाल का आणि निळा का, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारील.

आणि आपल्या वयाच्या मंडळींनी खेळायला बसण्याआधी वहीत एक वाक्य लिहावं. 'कृत्तिकांपर्यंत जाऊन परत यायचं.' एवढंसं चालेल. सोबत वेळेची मर्यादा लिहावी, आणि ती पाळावी. वाक्य पुरं झालं की पुढचं लिहावं. काही लिहावंसं वाटेनासं झालं, तर गेम बंद करून फिरायला जावं. त्यात हार नाही.

मुक्त गेमची ओढ आणि वैताग, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात: तो तुमच्यावर काहीच लादत नाही. पुढच्या हुकमाचं वाक्य तुम्हालाच लिहायचं असतं. ते लिहिण्याची सवय गेममध्ये लागो की गेमबाहेर, आपल्या वयात ती लागलेली बरी.